काळूरामचा निळा कॅन

आमची आणि काळूरामची भिंत एकच. त्यामुळे त्यांची भांडणं मुद्दाम ऐकायला लागत नसत. एकदा सकाळीच त्याच्या बायकोचा, जनीचा आवाज चढला.

"अवो, माझ्या नव्या टपावर तुमचं नाव कशाला?"

"हरवला तर?"

"घरातला टप कुठं हरवायला जाईल? उद्या मला पन डागनी द्या."

"तू कुठं हरवतेस?" काळूराम म्हणाला. जनीनं टप आपटला, तो भिंतीतून आम्हाला ऐकू आला.

उरणच्या आमच्या खाडीकाठी मासेमारी करणारा हा माणूस. सळी चुलीत लाल करायची आणि प्लॅस्टिकच्या प्रत्येक वस्तूवर 'काळूराम', गाव, फोन नंबर जाळून लिहायचं, हा त्याचा छंद. जाळं तरंगावं म्हणून बांधतात ते निळे कॅन, पाटी, बादली, कशालाच सोडलं नाही. जळक्या प्लॅस्टिकचा वास आमच्या भाकरीलासुद्धा लागायचा. म्हणायचा, "रंगाचं नाव धुऊन जातं, डागलेलं राहतं."

ते राहिलं खरं. गेल्या वर्षी मनाली नावाची मुलगी मुंबईहून आली. हातात फोन, फोनात फोटो. पार पृथ्वीच्या खालच्या टोकाला, बर्फातल्या किनाऱ्यावर काळूरामचा कॅन पडलेला. भोवती पेंग्विन उभे. नंबरातले दोन आकडे खडकावर घासून गेलेले, म्हणून बिचारीनं आधी अकरा जणांना फोन करून शिव्या खाल्ल्या होत्या.

काळूरामनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही काळ्या कोटातली कोन? वकील?"

"पक्षी आहेत, काका. तिथं माणसं राहत नाहीत, तरी प्लॅस्टिक पोचतंय. ते कुठून येतं, कसं सुटतं, हे आम्ही शोधतोय." तिनं कागद काढला. त्यावर दोन रकाने, हरवलेलं आणि फेकलेलं. "नक्की कळलं नाही तर मी 'माहीत नाही' लिहिते."

एव्हाना निम्मी आळी ओटीवर जमली होती. त्यातला मासेमार तुळशीराम म्हणाला, "काळ्या, तुझा कचरा परदेशात पोचला. तू अजून अलिबागच्या पुढं गेला न्हाईस."

सगळे हसले. काळूराम मात्र पांढरा पडला. उभ्या जन्मात त्यानं पाण्यात बिडीचं थोटूकही टाकलं नव्हतं, आणि आता कचऱ्याच्या यादीत नाव, तेही स्वतःच्या हातानं डागलेलं.

"'माहीत नाही' न्हाय चालायचं," तो म्हणाला. "हरवलेलं लिव."

"पुरावा लागतो, काका."

तो रात्रभर खोकत येरझाऱ्या घालत होता, भिंतीतून कळत होतं. सकाळी मनाली परत आली तेव्हा त्यानं सून पूनमला तो फोटो मोठा करायला सांगितला. कॅनच्या कानाला वीतभर दोर लोंबत होता.

"गाठ बघ. माझीच हाय. आता सांग, कॅन फेकायचा तर दोर सोडून घेशील का न्हाय? दोराला किती मोल असतं! तुळशीराम, तू कधी गाठीसकट कॅन फेकलास?"

"येडा हाय काय मी," तुळशीराम म्हणाला. ओटीवरच्या एकेका म्हाताऱ्यानं मान हलवली. फाटलेल्या जाळ्यातलाही दोर आम्ही सोडून वळकटी करतो, हे सगळ्या खाडीला ठाऊक. दोराचं टोक साफ कापलेलं होतं. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कुठल्यातरी मोठ्या बोटीच्या पंख्यात जाळं सापडलं असणार.

मनालीनं विचार केला आणि 'हरवलेलं' लिहिलं. दोराची गाठही लिहून घेतली. तिच्याकडं त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या वस्तूंचेही फोटो होते, पण त्या कुणी ओळखल्या नाहीत. त्यात डाव्या पायाची एक चप्पल होती. ती दाखवल्यावर ओटीवरच्या सगळ्यांनी पाय आत घेतले.

मग काळूराम भेटेल त्याला गाठीची गोष्ट सांगत सुटला. दोनदा मलाच सांगितली, आणि मी तर त्या सकाळी तिथंच बसले होते.

माघात तो वारला, ओटीवर बसल्या बसल्या. त्या सकाळी जेट्टीवरून जनीच्या मासळीसाठी बर्फाची लादी सायकलवर घेऊन आला, रोजच्यासारखी गोणपाटात गुंडाळून. वाटेत बर्फवाल्या सुजितला गाठ कशी मारतात ते दाखवत बसला, म्हणून लादी जरा लहान झाली होती.

"जने, बरफ ठेवलाय. झाक."

जनीनं लादीकडं बघून कुरकुर केली, गोणपाट ओढलं. काळूराम पाय धुऊन ओटीवर टेकला, आणि ती आत चहा ठेवायला गेली.