सहा मीटरवरच्या सासूबाई

तर सासूबाईंनी डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा सांगितली, इथवर काल आलो होतो. वय अठ्ठ्याहत्तर. त्याच सकाळी साखर समजून चहात मीठ घातलेलं. आणि सहा मीटरवरची मुंगीएवढी चित्रं अशी सांगत होत्या, जणू स्वतःच्या हातानं काढली असावीत! काकूंचं पेन क्षणभर थबकलं. पण समोरचा सांगेल ते लिहायचं, असा नियम. त्यांनी लिहिलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ. काकू म्हणजे चष्म्याच्या दुकानातल्या काकू. सव्वीस वर्षं काड्या वाकवल्या, भिंगं घासली, डोळ्यालाही न दिसणारे स्क्रू पिळले. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच त्याचं नाक बघून फ्रेम काढायचा हात होता त्यांचा. पण नंबर काढायची परवानगी नाही. "आधी डोळे तपासून या," म्हणून माणूस माघारी धाडावा लागे आणि तो पुन्हा येतच नसे. हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मुलं मार्गी लागली, तशी त्रेपन्नाव्या वर्षी दुकान नवऱ्याच्या गळ्यात बांधून बाई परदेशी शिकायला गेली. पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तर पोरं चिडीचूप. त्यांना वाटलं, मास्तरीणबाई आल्या. काकूही काही कमी नाहीत, मिनिटभर तसंच वाटू दिलं.

वर्ष सरत आलं आणि घोडं अडलं ते नोंदवहीपाशी. कॉलेजबाहेरच्या वीस माणसांचे डोळे तपासून वही सोमवारी द्यायची. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, अख्खं वर्ष पाण्यात. सतरा झाले होते. आणि नेमके त्याच आठवड्यात घरून तीन पाहुणे उतरले: सासूबाई, नणंद आणि धाकटे दीर. काकूंना वाटलं, देवच पावला.

खोली एकच, तीही उतरत्या छपराखालची. दीर ताडमाड उंच. उठले की डोकं आपटायचे आणि नणंद म्हणायची, "दादा, जपून. वहिनीला घर परत द्यायचंय." खाटेवर सासूबाई, बाकी सगळे जमिनीवर, बॅगा कपाटावर. सहा मीटर अंतर काही खोलीत मावेना, म्हणून काकूंनी तक्ता बाहेरच्या बोळात टांगला. तक्ता साधाच. फणीच्या तीन दातांसारखी चित्रं, खाली खाली बारीक होत गेलेली. दात कुणीकडे आहेत तेवढं हातानं दाखवायचं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अक्षरओळख नको, भाषा नको.

तिघांचे डोळे तपासले आणि तिघांचीही नजर घारीची निघाली. जेवताना ताटावर नाक टेकवणारी नणंदसुद्धा एकदाही चुकली नाही.

आता मागं काय शिजलं होतं ते ऐका. काकू कॉलेजला गेल्या की इकडे खलबत. नणंद म्हणाली, "आपण चुकलो तर मार्क वहिनीचे जाणार. तिला नापास करून परत गेलो तर घरी मोठ्या दादाला तोंड कसं दाखवायचं?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्यामुळं सून नापास? आण तो तक्ता इकडे." मग काय! दीर मास्तर झाले, पट्टी घेऊन उभे राहिले. सासूबाईंनी लहानपणी पाढे पाठ केले तसा डुलत डुलत सगळा तक्ता पाठ केला. बोळातून जाणारे शेजारी बघायचे, म्हातारी हवेत हात करतेय, वर, उजवीकडे, खाली! तेही भल्या मनानं हात हलवून जायचे.

सोमवारी कॉलेजातल्या खऱ्याखुऱ्या मास्तरीणबाईंनी वही उघडली. शेवटच्या तीन पानांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माणसं आहेत की घरी बसून रचलीत?"

सव्वीस वर्षांत कुणी काकूंना खोटारडी म्हटलं नव्हतं.

"माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

"मग उद्या घेऊन या. तोवर वही माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी तिघंही ठेवणीतले कपडे घालून हजर. तपासणीच्या खोलीत तोच तक्ता, फक्त आतून दिवा असलेल्या पेटीत. सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या आणि गाडी सुरू झाली. वर, उजवीकडे, खाली. दुसरा तक्ता लावायचा म्हणून मास्तरीणबाईंनी मधेच दिवा मालवला. पेटी काळी ठिक्कर! सासूबाईंचा हात मात्र चालूच. डावीकडे, वर, वर, खाली...

"आई, थांबा! दिवा गेला!" दीर कुजबुजले.

"गेला तर गेला," सासूबाई म्हणाल्या, "दोनच ओळी राहिल्यात."

नणंदेनं तोंडाला पदर लावला. मास्तरीणबाईंना मराठीचा गंध नव्हता, पण अंधाराकडे बोट दाखवणारा हात कुठल्याही भाषेत कळतो. काकूंनी डोक्याला हात लावला. "वन्सं, हे तुमचं डोकं ना?"

"तुमच्यासाठीच केलं हो!"

"आई, मार्क तुम्हाला नाहीत, मला आहेत. जेवढं दिसतं तेवढंच सांगा."

"मग मला काहीच दिसत नाही," सासूबाई लगेच म्हणाल्या. "आता झाली ना पास?"

मास्तरीणबाईंनी वहीतली तिन्ही पानं आडवी खोडली. "या तिघांचं तोंड काही भरवशाचं नाही. दांडीच्या दिव्यानं काढा. आत्ता, माझ्यासमोर."

दांडीचा दिवा म्हणजे डोळ्यात उजेडाची पट्टी सरकवून तिची सावली वाचायची, समोरच्याला एक शब्द विचारायचा नाही. वर्षभर काकू त्याला टाळत आल्या होत्या. पट्टी सरकवताना त्यांचा हात कापायचा. पण आता पळवाट उरली नव्हती. अंधारात त्या सासूबाईंसमोर वाकल्या.

"आई, तोंड मिटा, डोळे उघडा."

"आयुष्यात पहिल्यांदाच मला गप्प बस म्हणालीस."

"आज सोय आहे म्हणून."

हसता हसता हात स्थिर झाला. डाव्या डोळ्याचा नंबर निघाला. उजव्यात उजेड धुरकट झाला, पुढं जाईना. काकूंनी दुसरं भिंग लावून पाहिलं, तिसरं लावलं. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "मोतीबिंदू. चांगला पिकलाय." मास्तरीणबाईंनी स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली. पाठोपाठ दीर झाले, नणंद झाली. नणंदेचा नंबर एवढा निघाला की दीर म्हणाले, "म्हणजे लग्नात नवरा नीट दिसलाच नव्हता तर!"

"दिसला असता तर केलं असतं का?" ती म्हणाली.

सासूबाईंनी मात्र सुनेचा हात धरला. "घरी गेल्यावर हा डोळा करून घेऊ. पण आधी सांग, पास की नापास?"

मास्तरीणबाईंनी तिन्ही नव्या पानांवर सही केली, परीक्षेच्या यादीत काकूंचं नाव घातलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "सव्वीस वर्षं दुकानात काढलीत. त्या दिवशी बोळात तुम्हाला काहीच संशय आला नाही?"

काकू म्हणाल्या, "आला होता हो, पण बाई, तुम्ही वर्षभर डोळे तपासायला शिकवलंत, सासू कशी तपासायची, तो तास कधी झालाच नाही."