दुसऱ्या गाण्यातली बासरी

“काय गं, कसं वाटलं तुला हे गाणं?” असं आमच्या ह्यांनी विचारलं तेव्हा मी इस्त्री करत होते, आणि शर्टाची कॉलर जळता जळता वाचली. उभ्या संसारात ह्यांनी मला गाण्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नव्हतं. मी काही बोलायला तोंड उघडलं की “तुला काय कळतंय त्यातलं” हे ठरलेलं. मीही मग नाद सोडला होता.

हे वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनमन होते. ते धडधडणारं धूड चालवण्यात जन्म गेला. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही, म्हणून घरीही ओरडूनच बोलायचे. मग मीही ओरडायला शिकले. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्यांचं रोजच वाजतं. घरी आले की नखातली शाई ब्रशने घासून काढायची, हात पुसायचे, पुन्हा धुवायचे, आणि मग कुठे कपाटातली रेकॉर्ड बाहेर निघायची. मला हात लावायची बंदी. लावलाच तर “कडेला धर, कडेला धर” असा घोषा, जसं काही मी तान्ह्या बाळाला पायाला धरून उचललंय.

रविवारी शिंप्याचं दुकान बंद असतं. अर्धं शटर वर करून तिघं आत बसतात. शिंपी, औषधाच्या दुकानाचे केमिस्ट आणि आमचे हे. आठवडाभर घरी जी रेकॉर्ड मनापासून ऐकली ती प्रत्येकाने आणायची आणि दुसऱ्याला द्यायची. ज्याने नेली त्याने पुढच्या रविवारी सांगायचं, तिच्यात त्याला काय सापडलं. नुसतं “छान आहे” म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. मग त्यावरून जुंपायची. एका गायिकेचा दम शेवटी संपतो की ती मुद्दाम आवाज सोडते, यावरून हे आणि शिंपी एकदा इतके भांडले की रस्त्यात भेटले तरी एकमेकांकडे बघेनात. केमिस्टनी मध्ये पडून मिटवलं. आणि हे घरी येऊन काय खूश. माणूस असा विचित्र.

तर असा माणूस मला विचारतो, कसं वाटलं. मी म्हटलं, “व्हायोलिन रुसल्यासारखं वाजतंय. रुसलंय, पण दाराकडे लक्ष आहे कोणी समजूत काढायला येतंय का.” हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, “पुढे?”

कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर उतरायचं कोणाला सुचतं? दुपारची कामं मी भराभर उरकायला लागले. ह्यांनी सुई टेकवली की समोर जाऊन बसायचं. इतक्या वर्षांनी नवऱ्याला माझी किंमत कळली म्हणून मनातल्या मनात मिरवत होते मी. बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एके दिवशी मी प्लेयरवरची धूळ पुसली आणि फडक्याने वेगाची कळ सरकली असणार. ह्यांनी मोठी, सावकाश फिरायची रेकॉर्ड लावली. आतून मी ऐकते तर काय, तो भारदस्त आवाजाचा गायक उंदीर मागे लागल्यासारखा चिवचिवत पळतोय. मला हसू फुटलं. वाटलं, ह्यांनी गंमत केली. हसत बाहेर आले तर हे खुर्चीत डोळे मिटून मान डोलवत होते. संथ गाण्याला डोलवतात तशी, हळूहळू.

माझं हसू तिथंच विरलं. मी मागून हाक मारली. नेहमीसारखी ओरडून नाही, साध्या आवाजात. काही नाही. आणखी एकदा मारली. मान आपली डोलतेच आहे. मी पुढे झाले, कळ जागेवर सरकवली आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. काय करावं सुचेना.

खरं सांगते, आधी काळजी वाटली नाही, राग आला. म्हणजे माझं मत नव्हतंच हवं. माझे कान हवे होते. रविवारी जाऊन माझंच बोलणं स्वतःचं म्हणून सांगायचं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग रात्री जेवताना बघितलं, मी बोलले की घास तसाच हातात धरून हे माझ्या ओठांकडे बघतात. मग राग टिकेना. म्हटलं, “कान दाखवून येऊ या का एकदा?” तर म्हणाले, “कोणाचे? तुझे?” आणि ताट घेऊन उठले.

त्या आठवड्यात शिंप्याने आपली सगळ्यात लाडकी रेकॉर्ड दिली होती. आमच्या घरी कधीच न वाजलेली. जुनं गाणं असतं तर ह्यांनी आठवणीवर वेळ मारून नेली असती. इथे आठवण कुठली? ही गोष्ट आम्हा दोघांनाही कळत होती आणि दोघंही मूग गिळून बसलो होतो. ह्यांना चैन नव्हती. रेकॉर्ड लावायची, स्पीकरवर तळवा ठेवायचा, उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. मीही घरभर फिरत होते. आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. शेवटी हे म्हणालेच, “दुसऱ्या गाण्यात काय आहे असं विशेष? तुला काय वाटतं?” मी कान देऊन ऐकलं. म्हटलं, “शेवटी बासरी आहे. एकटीच वाजते. सगळे निघून गेल्यावर मागे राहिल्यासारखी.” ह्यांचा चेहरा उजळला.

रविवारी हे रेकॉर्ड घेऊन निघाले आणि मला घर खायला उठलं. मला कुठे वाद्यं कळतात? चुकलं असलं म्हणजे? जिवाची अशी घालमेल झाली की तशीच चपला सरकवून निघाले.

शटरखालून वाकून बघितलं तेव्हा हे रंगात येऊन सांगत होते, “आणि शेवटची ती बासरी, एकटी मागे राहिलेली…” केमिस्टनी खाली बघितलं. शिंप्याच्या हातातला चहाचा पेला अर्ध्यात थांबला. मग तो मान हलवून मोठ्याने म्हणाला, “वा, बरोबर. बासरीच.” केमिस्टही म्हणाले, “मलाही तीच आवडते.”

मला बघून शिंपी बाहेर आला. मी हळूच विचारलं, “भाऊ, बासरी नाही ना ती?”

“शीळ आहे वहिनी. गायक स्वतःच घालतो. त्या शिळेपायी तर ती रेकॉर्ड जपलीय मी.” मग नजर चुकवत म्हणाला, “आम्हाला बरेच दिवस माहीत आहे. तुम्ही ह्याला काही बोलू नका.”

परत येताना हे माझ्या पुढे पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले.

“बासरी नव्हती ना?”

मी पदर सारखा करायला लागले.

“शिंपी लगेच हो म्हणाला,” हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हळू बोलत होता. “हल्ली मी काहीही बोललो तरी तो हो म्हणतो. केमिस्टही. माझ्याशी कोणी भांडतच नाही आता. कंटाळा आलाय मला.”

मग जे तोंडात आलं ते बोलले, ओरडूनच. “बासरी नाही, शीळ आहे ती. मला काय कळतंय त्यातलं? आणि तुम्ही तरी! मला बाजूला बसवून नीट सांगायचं होतं, की बाई गं, मला ऐकू येत नाही. चोरून कसले कान वापरता माझे?” रस्त्यातली माणसं बघायला लागली. बघेनात का.

हे ऐकत होते. म्हणजे बघत होते. आणि कितीतरी महिन्यांनी चिडले. “शीळ आणि बासरीतला फरक कळत नाही तुला?”

“नाही कळत.”

“शीळ कशी होती? उंच की खालची? लांबवली होती का?”

आता हे ओरडून कसं सांगायचं? मला शीळ घालता येत नाही, बाईमाणसाला कोण शिकवणार? पण मी तिथेच, भर रस्त्यात, ओठांचा चंबू केला आणि फुंकर सोडली. आवाज कसला येतोय, नुसती हवा. ह्यांनी आपला हात माझ्या तोंडासमोर धरला.

“पुन्हा,” हे म्हणाले. “हळू. गाण्यात आहे तशी सोड.”

मी गाणं आठवून पुन्हा फुंकर घातली. ह्यांनी हात काढला नाही.