पाक्षिकाचे बातमीदार आणि तेरची सुमन

घरातली रद्दी वर्षाकाठी विकता येते. किस्से कोणी विकत घेत नाही, म्हणून ते साठत जातात. माझ्याजवळ सर्वांत अधिक साठले ते कॉलेजच्या विद्यार्थी-पाक्षिकाचे. मी शाळेतली मराठीची शिक्षिका. आमच्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, कॉलेज नवे निघाले होते. मुलांनी सायक्लोस्टाइलवर पाक्षिक काढले आणि प्राचार्यांनी "भाषेचा धाक असलेले कोणीतरी हवे" म्हणून मला बोलावून घेतले. धाक होता, उपयोग नव्हता!

पाक्षिकाची संपादिका सुमन. जवळच्या तेर गावचे शेतकरी बापूराव यांची मुलगी. बी. ए. झाल्यावर औरंगाबादला विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकायची आणि वृत्तपत्रात नोकरी धरायची, हा तिचा निश्चय. बापूरावांचा निश्चय निराळा होता.

"पाहुणे बघून ठेवलेत, बाई. लगीन जमलं तर जमलं. न्हाय जमलं, तर मग तुमचा तो पेपरचा वर्ग."

मुलीचे सारे भवितव्य त्या एका 'तर'वर टांगलेले, आणि मी तिला मथळे कसे द्यावेत हे शिकवीत होते!

*

दत्तात्रय हा आमचा मुख्य बातमीदार. वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेला; त्यामुळे लेखणीही आवरत नसे. ढोकीला कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा त्याला पाठवले. त्याने आणलेल्या बातमीत प्रथम सूर्योदय झाला, मग तेरणेकाठची शेते डोलली, मग मानवी जीवनाची क्षणभंगुरता आली.

"दत्तात्रय, आग कुठे आहे?"

"आहे की, बाई. तिसऱ्या पानावर लागते."

"तोवर गंजी शिल्लक राहील का?"

"म्हणून तर जास्त लांबवलं न्हाय!"

*

अग्रलेखही तोच लिही. एका अंकात त्याने जगातल्या दोन्ही महासत्तांना असे खडसावले की, वाचताना मलाच त्यांची दया आली. मी म्हटले, "कॉलेजातल्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही. एकदा त्यावर लिही."

तो गंभीर झाला. "नको, बाई. प्राचार्य दुखावतील."

"आणि महासत्ता दुखावल्या तर?"

"त्या आपला अंक वाचत न्हाईत!"

*

उपस्थितांची नावे छापल्याखेरीज आमच्याकडे कोणताही समारंभ झाला असे मानीत नाहीत. स्नेहसंमेलनाचा अंक निघाला आणि दुसऱ्याच दिवशी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ अंक हातात घेऊन दारात उभे राहिले.

"यात आमचं नाव न्हाय."

सुमन नम्रपणे म्हणाली, "काका, तुम्ही आला नव्हता."

"आलो नव्हतो, हे खरं. पण येणार होतो की! तसं छापा."

मी नको नको म्हणत असता प्राचार्यांनी ते छापायला लावले. पुढच्या समारंभापासून 'येणार होते' अशी स्वतंत्र यादीच सुरू झाली आणि पाहता पाहता ती उपस्थितांच्या यादीहून लांब झाली! अखेर एक वकील तक्रार घेऊन आले. ते समारंभाला आले होते, पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांचे नावही बिनचूक छापले होते.

"मग तक्रार कसली?" मी विचारले.

"आम्हाला 'येणार होते'मध्ये टाका, बाई. बडी बडी माणसं सगळी तिकडं हायेत!"

*

सुमनची पहिली खरीखुरी बातमी तेरच्या बसची. तेरहून उस्मानाबादेला येणारी सकाळची बस रोज तासभर उशिरा सुटे. सुमनने प्रवाशांना विचारले, कंट्रोलरला विचारले, वेळा पडताळल्या आणि सरळ, नेटकी बातमी लिहिली. मी तिच्यात एक शब्दही बदलला नाही. असे माझ्या हातून क्वचितच घडे.

अंक बस-स्टँडवर पोचला. कंट्रोलर साहेब खवळले आणि दुसऱ्या दिवशी बस ठरलेल्या मिनिटाला सुटली. बसमध्ये ड्रायव्हर आणि कंडक्टर होते. बाकीचे तेर अजून घरी भाकरी बांधून घेत होते!

बापूरावांची त्या दिवशी कोर्टात पेशी होती. ती हुकली. ते थेट माझ्याकडे आले.

"बाई, बस लेट होती तवा समद्यांना मिळत होती. ह्या पोरीनं ती टायमावर आणली, अन् गाव मागं राहिलं! आता पाहुण्यांना उद्याच बोलावतो."

*

बोलावले. मुलगा वाशीच्या कचेरीत कारकून. बापूरावांनी मलाही आग्रहाने तेरला नेले. "तुम्ही समोर असला की पोरगी गप बसती."

नाव झाले, शिक्षण झाले, पोहे आले. शेवटी मुलाचे मामा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "पोरीला काही इचारायचं असंल तर इचारू द्या." यावर मुलीने मान खाली घालायची आणि सर्वांनी उठायचे, ही रीत. सुमनने मान वर केली.

"नोकरी कायम आहे का?"

मामा हसले. "कायमच म्हणायची."

"कोणी म्हणायची? कचेरीने, की तुम्ही?"

"व्हईल की दिवाळीपातुर."

"म्हणजे आज नाही. शेती कोणाच्या नावावर?"

"चुलत्याच्या. पण घर एकच हाय!"

"चुलते आज का आले नाहीत?"

मामांनी घाम पुसला. "बोलणं न्हाय त्यांच्यासंगं."

मी डोळे वटारले. काम चालू असताना सुमनला ते कधीच दिसत नसत.

"मुलगा स्वतः काहीच का बोलत नाही?"

"लाजतो त्यो."

तेव्हा मुलाने प्रथमच तोंड उघडले. "लाजत न्हाय. मला हे लगीनच करायचं न्हाय. मामानं बळंच आणलंय."

पोह्यांच्या ताटल्या तशाच राहिल्या. पाहुणे चपला शोधू लागले. बापूराव दारापर्यंत गेले, त्यांना निरोप देऊन परत आले आणि माझ्याकडे वळले.

"बाई, हिला औरंगाबादलाच धाडा. हितं ठेवली तर अख्ख्या तालुक्यात कुणाचंच लगीन जमायचं न्हाय!"