काखेतलं फोल्डर

आमच्या घरात एक निळं प्लॅस्टिकचं फोल्डर आहे. तिघांचे पासपोर्ट, व्हिसाची पत्रं, बाबांच्या पगाराच्या स्लिप्स, सगळं त्यात. अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून, म्हणजे घरून, कुठेही निघालो की ते बरोबर येतं. गाडीत ठेवायचं नाही, काच फोडून नेतील. बाबा ते काखेत धरून धबधबेसुद्धा बघतात. आई म्हणते, "अहो, त्याचंही तिकीट काढा."

बाबांचा एकच सिद्धांत: कागद चोख असले की आपल्याला कोणी हात लावत नाही. मला त्याचा संताप येतो.

त्या लाँग वीकेंडला डेथ व्हॅलीला निघालो तेव्हा आमचं भांडण आदल्या दिवसापासून चालू होतं. आमच्या भागातला एक बंद तुरुंग पुन्हा उघडून तिथे कागद नसलेल्या लोकांना डांबायचं घाटत होतं. त्याविरुद्धच्या सभेत मी बोलणार होते. पत्रकावर माझं नाव छापायचं की नाही, हे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मी अजून बाबांच्या व्हिसावर राहते. तीन महिन्यांनी एकवीस पूर्ण झाली की त्यातून बाहेर, आणि त्याआधी निकाल लागायला हवा असा माझ्या स्वतःच्या व्हिसाचा अर्ज कुठल्या तरी ऑफिसात पडून होता.

"बोल ना, कोण नको म्हणतंय?" गाडी चालवता चालवता बाबा म्हणाले. "फक्त नाव नको छापू, यार."

"म्हणजे तोंडावर पिशवी घालून बोलू?"

"तीन महिने थांब."

"लहानपणापासून तेच ऐकतेय."

वाटेत एक जुनी छावणी होती, आता तिथे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या कुटुंबांना घरांतून उचलून इथे काटेरी तारांमागे कोंडलं होतं. थांबायचा हट्ट माझा. खरं सांगते, मेलेल्यांना आदरबिदर द्यायला नाही, बाबांना गप्प करायला.

वारा असा की तोंड उघडलं की दातांत वाळू. पुन्हा उभारलेल्या बराकीत लष्करी खाटा ओळीनं मांडलेल्या, फळ्यांच्या फटींतून बाहेरचं ऊन दिसत होतं. संडासात एका फळीचाही आडोसा नव्हता, शेजारी शेजारी नुसती भांडी. मी प्रत्येक पाटी सभेत वाचावी तशी मोठ्यानं वाचत होते.

"हळू," आई म्हणाली, "आम्हालाही वाचता येतं."

मला एका जागी उभं राहवत नव्हतं. बाबा मात्र प्रत्येक पाटीपुढे थांबत होते, काखेत फोल्डर.

दाराशी एक म्हातारी स्वयंसेविका बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. तिची नजर फोल्डरवर गेली आणि ती उठूनच उभी राहिली. "तुमच्या घरचे कागद आणलेत? द्या, मी काळजीनं नोंदवून घेते."

इथे अडकलेल्यांची मुलं-नातवंडं जुनी पत्रं, फोटो आणून देतात, हे आम्हाला काय ठाऊक! बाबांनी फोल्डर दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "नाही, नाही, हे आमचे. आत्ताचे. सगळे व्हॅलिड आहेत."

ती हसली नाही. "माझ्या वडिलांचेही होते," ती म्हणाली. "मी इथेच जन्मले. त्यांचा जन्म याच देशातला, दाखला त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात शिवून आणला होता. रोज चाचपून बघायचे म्हणे. इथे सगळ्यांचेच कागद चोख होते."

हेच मी वर्षभर पत्रकांत लिहीत होते, उद्गारचिन्हं देऊन. मी बाबांकडे बघितलं, जिंकल्यासारखं. त्यांचा चेहरा बघून ते जिंकणं मला नकोसं झालं.

आम्ही पुन्हा गाडीत बसलो. फोनला रेंज नव्हती. आईनं डब्यातले लाडू पुढे केले, ते तसेच राहिले. फोल्डर बाबांच्या मांडीवर, स्टिअरिंगला अडत होतं.

"मागे टाका ना ते," मी म्हणाले.

"राहू दे." मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "नाव देणार असशील तर पासपोर्टप्रमाणे दे. पूर्ण. स्पेलिंग चुकवू नकोस."

रेंजची एक रेघ आली, गेली, पुन्हा आली. मी टाइप केलं: माझं, बाबांचं, आडनाव. आणि माझंच बोट थांबलं. तीन महिने. तेवढेच तर मागत होते. रेघ पुन्हा जाईल या भीतीनं मी पाठवून टाकलं.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

"गेलं."

दोन मैलांनंतर त्यांनी पुन्हा विचारलं.