मार्थामावशीची प्रार्थना आणि पंचसाहेबांचं गाणं

निरोप शाळेत आला. उधन्याच्या मराठी शाळेत माझा चौथीचा वर्ग चालू होता. कोपऱ्यावरचे पीसीओवाले जयंतीभाई दारात येऊन उभे राहिले आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बेन, तमारां मासी ऑफ थई गयां." सुरतेत माणूस मरत नाही, ऑफ होतो. इतकी वर्षं इथे काढूनही या शब्दाची मला सवय झालेली नाही. मुलांना पाढे लिहायला सांगून मी पर्स उचलली आणि खरं सांगते, मनात पहिला विचार मावशीचा आला नाही, पंचसाहेबांचा आला. आमच्या चर्चचे पाळक अधिवेशनाला गेलेले, म्हणजे आता हा माणूस तिच्या पेटीजवळ उभा राहणार आणि बोलणार! दुःख त्याच्या मागून, रिक्षात बसल्यावर आलं. मरण माणसाला मऊ करतं म्हणतात. महिना उलटून गेला, मी काही अजून मऊ झालेली नाही.

पंचसाहेबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. बदनामीची भीती म्हणून नव्हे. नाव छापून आलं तर ते हे कात्रण काचेत मढवून बैठकीच्या खोलीत लावतील म्हणून. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक येतात आणि बदलून जातात, पंचसाहेब मात्र कमिटीचे प्रमुख म्हणून आहेत तिथेच आहेत. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे, माईक त्यांच्याकडे, आणि कुणी किती वेळ देवाशी बोलायचं हे ठरवण्याचं कामही त्यांनी स्वतःकडेच घेतलेलं.

मार्थामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नवापूरकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा भावांच्या दारात बसण्यापेक्षा ती सुरतेला आली आणि पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामाला लागली. डी.एड. होऊन मला इथे नोकरी मिळाली तेव्हा मी तिच्याच दीड खोलीत पथारी टाकली. त्या खोलीत भिंतीवर येशूची तसबीर होती, खाली ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, आणि दोघांमध्ये जुन्या फिल्मी मासिकांचा गठ्ठा. मावशीला सिनेमाचं वेड होतं असं म्हणणं म्हणजे तापी नदीला ओहोळ म्हणणं. कोण कुणाबरोबर पळाला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची आई खरं म्हणजे आई नव्हेच, सगळं तिला पाठ. पण तिची खरी भक्ती दिसायची ती एखादा नट नाहीतर नटी वारली म्हणजे. बातम्यांत नाव आलं की मावशी उठायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, प्रभुभोजनाच्या दिवशी नेसायची ती पांढरी साडी नेसायची आणि संध्याकाळपर्यंत स्टोव्ह पेटवायची नाही. मी चिडवायची, तो तुझा कोण लागत होता, काका की मामा? यावर ती डोळे पुसत म्हणायची, "इतला वरीस माले हसाडं त्यानी. आते मरी गया त रडू बी नको का?"

तिचं म्हणणं साधं होतं. पडद्यावर या माणसाला आपण इतक्यांदा मरताना पाहिलं. गोळी लागून, कॅन्सर होऊन, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आणि दर वेळी तो पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या सिनेमात धडधाकट उभा. आपल्याला त्याची सवय लागते. मग एक दिवस तो खरंच मरतो, मोठ्या फ्लॅटमध्ये, एकटा, दूधवाल्याला बेल वाजवून वाजवून शेवटी दार तोडायला लावावं लागतं... आणि सारा देश ज्याला ओळखतो त्याच्या उशाशी पाण्याचा पेला द्यायला कुणी नसतं. "त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली असेल का गं?" असं ती विचारायची तेव्हा मला हसू आवरावं लागायचं. नंतर नंतर हसू येईनासंच झालं.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मेला तो देवाच्या हाती गेला, आता तुमच्या शिफारशीची गरज नाही, अशी शिकवण. घरच्यांच्या सांत्वनासाठी मागा, पण मयताचं नाव घेऊन त्याच्यासाठी काही मागू नका. मावशीला हे पटत नव्हतं. तिचा हिशेब असा की मरणाऱ्याला प्रार्थनेची गरज मरतेवेळी असते. मग आपल्याला बातमी उशिरा कळली तर त्यात त्याचा काय दोष? आपण आज मागितलं तरी देव ते त्या वेळेला नेऊन पोचवील. "देवना घर घड्याय शे का?" असं ती मला विचारायची. देवाच्या घरी घड्याळ कुठे असतं?

तर रविवारी उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ यायची. ज्याला वाटेल त्याने उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची. मावशी बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाच्या कडेला उभी राहायची आणि मिलच्या बायकांची दुखणी, कुणाच्या पोराची परीक्षा असं सगळं झालं की हळूच गाडी वळवायची. "आणि हे प्रभू, परवा जो गेला तो..." एवढं ऐकू आलं की पुढच्या बाकावर पंचसाहेब घसा खाकरायचे. कुणाची प्रार्थना लांबली की दुसऱ्याने गाणं सुरू करायचं आणि सगळ्यांनी त्यात सूर मिळवायचा, म्हणजे बोलणारा आपोआप बसतो, ही आमची जुनी रीत. न दुखावता थांबवण्यासाठी कुणा शहाण्याने काढली असेल. पंचसाहेबांनी तिचा दंडुका केला. मावशीने नाव उच्चारलं रे उच्चारलं की त्यांचा तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज उठायचा, मागोमाग अख्खी मंडळी गायला लागायची आणि माझी मावशी ओठ हलवत हलवत खाली बसायची. मेलेल्या माणसाचं नाव गाण्याखाली गाडलं जायचं. घरी आल्यावर ती म्हणायची, "आज अर्धंच पोचलं." मी मनातल्या मनात पंचसाहेबांची मान मुरगाळलेली असायची. आपण ख्रिस्ती आहोत हे आठवून परत सरळ करून ठेवायची.

मग प्लेगचे दिवस आले. सुरत रिकामी झाली. स्टेशनवर माणसांवर माणसं, मिलांना कुलपं, उधन्यात कुत्रीसुद्धा गप्प. देवावर भरवसा ठेवा असं दर आठवड्याला सांगणारे पंचसाहेब पहिल्याच गर्दीत कुटुंबासकट निघून गेले आणि चर्चच्या किल्ल्याही खिशातच घेऊन गेले. पाळकही गावी. रविवारी आम्ही उरलेल्या चार-पाच बायका तोंडाला रुमाल बांधून गेलो तर दाराला भलंमोठं कुलूप. शेजारच्या रूथकाकू म्हणाल्या, चला परत. मावशी पायरीवर बसली. "आज कोनी गानं म्हनाव नही," ती म्हणाली. "आज मी पुरं बोलसू." आणि ती बोलली. आजाऱ्यांसाठी, पळालेल्यांसाठी, अगदी पंचसाहेबांच्या प्रवासासाठीसुद्धा, आणि मग जी जी नावं आजवर अर्धी राहिली होती ती सगळी. नट, नट्या, गाणारे, एक विनोदी नट ज्याच्या खऱ्या नावाची तिलाही खात्री नव्हती, म्हणून सिनेमातलंच नाव घेतलं. रुमालाआडून शब्द नीट कळत नव्हते. तरी प्रत्येक नावाला रूथकाकू "आमेन" म्हणत होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मावशीला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

शहर भरलं, पंचसाहेब परतले, आणि त्यांना हे कळलं. किल्ल्यांचा विषय निघण्याआधीच त्यांनी दुसरा विषय काढला. कमिटीपुढे मावशीला उभं केलं. "बाई, मंडळीच्या पायरीवर तुम्ही नटनट्यांची श्राद्धं घातलीत," हे त्यांचे शब्द. खोटी शिकवण पसरते, सबब यापुढे मार्थाबाईंनी मोठ्याने प्रार्थना करू नये, असं ठरलं. पाळकांनी मान खाली घातली, त्यांना मान खाली घालण्याचा सराव होता. मावशीने भांडण केलं नाही. पुढच्या रविवारी मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी ती तिसऱ्या बाकाजवळ उठून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही आणि थोड्या वेळाने बसली. मग दर रविवारी तसंच. तिचं ते मुकं उभं राहणं मी पुढची सगळी वर्षं पाहिलं. मधे आमच्या भागातला एक पुढारी वारला. चर्चच्या भिंतीचं काम त्याने करून दिलेलं. आमच्याच पटांगणात त्याचा हार घातलेला फोटो ठेवून, माईकवरून, पंचसाहेबांनी त्याच्या आत्म्याला चिरशांती मागितली. मला राग आवरेना. मावशी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "दखं का? आज त्याले बी घड्याय दिसनं नही."

ती गेली दुपारी, पहिल्या पाळीवरून आल्यावर जरा पडली होती तेव्हा. डॉक्टर म्हणाले हृदय. दफनाला माणसं थोडी होती, मिलमधून बायकांना सुट्टी मिळाली नाही. पंचसाहेबांनी पेटीशेजारी उभं राहून त्या मोकळ्या जागेकडे हात केला. "आपली ही बहीण आयुष्यभर परक्यांसाठी रडली," ते म्हणाले, "आज तिच्यासाठी रडायला किती आले ते आपण पाहतोच आहोत. जगाच्या नादाचं फळ हे." माझ्या मुठीत माती होती, पेटीवर टाकायची. ती मी कुठे टाकणार होते ते देवाला माहीत आहे. रूथकाकूंनी मनगट धरलं म्हणून पेटीवर पडली. संपूर्ण विधीत त्या माणसाने मावशीचं नाव एकदाही घेतलं नाही, "ही बहीण", "ही बहीण". दुसऱ्यांची नावं देवापर्यंत पोचावीत म्हणून जिने जन्म घालवला तिला नावाशिवाय पुरलं. हे मला विसरता येत नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

पाळक परत आल्यावर भेटायला आले. चहा घेतला. "राग प्रभूवर सोपवा, बेन," म्हणाले. मी म्हटलं, सोपवला आहे, पण त्याच्याकडे कामं फार, माझा नंबर कधी लागेल कोण जाणे. ते कसनुसं हसले. आपल्यात क्षमेचं फार कौतुक आहे. क्षमा मागणारा कुणी समोर नसताना ती द्यायची कुणाच्या हातात, हे मात्र कुणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात एक म्हातारा गायक वारला. दिवसभर रेडिओवर त्याची गाणी चालू होती, पानाच्या टपरीवरसुद्धा. मावशीची पांढरी साडी मी नेसले. रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली आणि तिसऱ्या बाकाच्या कडेला मी उभी राहिले. गायकाचं नाव घेतलं. मग म्हटलं, "आणि हे प्रभू, तुझी लेक मार्था, तिला..." तेवढ्यात खाकरणं आलं आणि गाणं उठलं. पण मागोमाग कुणी सूर मिळवला नाही. रूथकाकू गप्प, त्यांच्यामागच्या बायका गप्प, पुरुषांच्या बाजूने एक-दोघांनी सुरुवात केली आणि बायकांकडे पाहून सोडून दिली. पंचसाहेब एकटेच एक ओळ गायले, दुसरीच्या अर्ध्यात आवाज चिरकला आणि थांबले. मी मावशीसाठी मागायचं होतं ते सगळं, तिचं पूर्ण नाव घेऊन, सावकाश मागितलं. आणि मग, थांबायला हवं होतं तिथे मी थांबले नाही. तेवढ्याच शांतपणे मी पंचसाहेबांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि म्हणाले, "हे प्रभू, तोही आमच्यातून गेला आहे. त्याचे अपराध मोजू नकोस. त्याच्या आत्म्याला शांती दे." मग रूथकाकूंनी, आणि त्यांच्यामागोमाग बायकांच्या सगळ्या बाजूने, मोठ्याने "आमेन" म्हटलं.

उपासना संपल्यावर ते दाराशी उभे होते, नेहमीसारखे, हात मिळवायला. रांगेत माझी पाळी आली. आता ओरडतील असं मला वाटलं, तयारीही होती. पण त्यांचा हात गार होता. माझा हात त्यांनी सोडला नाही, जवळ वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "बाई... डॉक्टर तुमच्याशी काही बोलले का? माझ्याबद्दल?" डोळे अगदी लहान मुलासारखे झाले होते. मावशी असती तर तिने तो हात दोन्ही हातांत धरला असता, काही झालं नाही भाऊ, असं म्हणाली असती, आणि घरी नेऊन चहा पाजला असता. मी मावशी नाही. "सलाम, पंचसाहेब," मी म्हणाले, हात सोडवून घेतला आणि चपला शोधायला गेले.