भाडेकरूची चादर

अख्ख्या गल्लीत त्यांना घडीमास्तर म्हणत. धुलाईचं दुकान, पंचवीस वर्षं इस्त्री हातात. शर्ट असो की पडदा, मास्तरांच्या हाताखालून गेला की सुरकुती औषधालाही सापडायची नाही. हा माणूस पायमोज्यांनासुद्धा इस्त्री करायचा, आता बोला! वय अठ्ठेचाळीस, लग्न नाही. गिऱ्हाइकांनी खोदून विचारलं तर "वेळच मिळाला नाही हो" असं सांगून ते पुढचा शर्ट ओढत.

दुकानाच्या वर तीन खोल्या. तिथे एक भाडेकरू राहायचा. म्हणजे जगासाठी तो भाडेकरू. दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर, जिभेने तिखट, आणि नऊ वर्षं मास्तरांच्या पलंगावर डाव्या बाजूला झोपणारा. आतल्या लहान खोलीत त्याच्या नावाची एक खाट होती. पाहुणे यायचे म्हटलं की दोघांची धांदल उडे. दाढीचं सामान तिकडे, चष्मा तिकडे, दोघांचा फोटो कपाटात उलटा.

"लोक घर आवरतात, आपण पुरावे आवरतो," भाडेकरू म्हणायचा, आणि दोघं पोट धरून हसायचे. नऊ वर्षं त्यांनी सगळं असंच हसण्यावारी नेलं होतं. दुसरं करणार तरी काय?

मग धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला आणि आई कायमची मास्तरांकडे राहायला आली. बाहेरच्या खोलीत तिचा बिछाना. भाडेकरू आता जेवण झालं की सर्वांदेखत जांभई देऊन लहान खोलीत जायचा आणि आई घोरायला लागली की पाय न वाजवता बाहेर यायचा. वर आईला तो भलताच आवडला. "एवढा गुणी मुलगा, कुणी बघितलं कसं नाही रे याच्यासाठी?" असं ती मास्तरांनाच विचारायची. मास्तरांच्या घशात चहा अडकायचा.

पंधरा दिवसांनी भाडेकरूचं हसू आटलं.

"पाहुण्यांपुरतं नाटक मी हौसेने केलं," तो म्हणाला. "पण ही पाहुणी जाणार नाही. स्वतःच्या घरात चोरासारखा चालतो मी. महिनाअखेरपर्यंत तू आईला सांग. नाहीतर मी खरंच कुठेतरी भाड्याने राहायला जातो."

"सांगतो," मास्तर म्हणाले. रोज सांगायचं ठरवत, आणि रोज आईला औषध घेतलंस का एवढंच विचारून जिना उतरत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी भाडेकरू कामाला गेला. मास्तर मनाचा हिय्या करून दुकानातून वर आले. आई लहान खोलीत खाटेवर बसली होती. चादरीचा बोळा करत होती, मन लावून, एकेक कोपरा. मग तिने कोपराने उशीत खड्डा पाडला.

"आई, हे काय?"

"तुझी इस्त्री मोडतेय." ती उठली नाही. "अरे, माणूस झोपून उठला तर चादर अशी राहते का? रोज सकाळी घडी जशीच्या तशी! कामवाली नऊला येते. तिला डोळे नाहीत?"

मास्तर दारातच खिळले. पाठ केलेलं सगळं पार विसरले. "तुला कधीपासून..."

"आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग मी तुला एकदा नीट..."

"नको." आईने त्यांचा हात घट्ट धरला. "तू बोलू नकोस, मी विचारत नाही. तुझ्या मामाला, भावाला, कुणाला कळू देणार नाही. मी आहे ना."

तिच्या डोळ्यांत नुसती माया होती. मार खाल्ला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दुकानात त्यांनी भाडेकरूला सगळं सांगितलं. तो हसला. टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"म्हणजे इतके दिवस दोघं लपत होतो, आता तिघं. तू काय म्हणालास तिला?"

मास्तरांनी समोरचा रुमाल चारदा उलगडला आणि चारदा त्याची घडी घातली.

"बरं," भाडेकरू म्हणाला. एवढंच.

सकाळी मास्तरांना जाग आली तेव्हा पलंगाची डावी बाजू गार होती. ते लहान खोलीत गेले. आई त्यांच्या आधी येऊन उभी होती, हात तसेच लोंबकळत. तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चादर चुरगळली होती, उशीत डोक्याचा खड्डा होता, कोपऱ्यातली बॅग नव्हती. नऊ वर्षांत त्या खाटेवर पहिल्यांदाच कुणीतरी रात्र काढली होती. मास्तरांचा हात सवयीने चादर ओढायला पुढे गेला आणि तिथेच थांबला.

नऊ वाजता कामवाली आली. तिने खोलीत डोकावून विचारलं, "ही चादर धुवायला घेऊ का?"

"नको," आई आणि मास्तर एकदमच म्हणाले.