लिमयेसाहेबांचा चार्ट

उघडी ठेवलेली रेती वाऱ्यानं कमी होते. साइटवरचे किस्से मात्र उघडे ठेवा की झाका, वाढतच जातात. बडनेरा रोडच्या कॉलनीवर मी सुपरवायझर होतो, तेव्हाचा ढीग अजून उपसून व्हायचा आहे.

घरं सगळी एका साच्यातली. इंजिनिअर लिमयेसाहेब पुण्याचे. भिंतभर चार्ट: पुढं पायावाले, मागं विटांवाले, मग प्लास्टर, मग फरशी. एक टोळी घराबाहेर, की दुसरी आत. कॉलनी वेळेत उठली तर साहेबांची पुण्याला बदली. तिकडं वहिनींना दिवस गेलेले. चार्टाला उदबत्ती लावायचीच काय ती बाकी होती.

*

बाळापूरचे रफीक मिस्त्री डबा कोणत्या घरात ठेवला तेच विसरले. घरोघर शोधत फिरले. हात सवयीचे, शिरतील तिथं प्लास्टर मारूनच निघत. डबा सापडला नाही, पण काम दुप्पट भरलं.

साहेब मला हळूच म्हणाले, "उद्या आपणच त्यांचा डबा लपवायचा का हो?"

*

चौकट बसवताना घरागणिक नारळ फोडायचा, टोळी खोळंबायची. साहेबांनी तोड काढली: सगळ्या चौकटींना मिळून एकच नारळ.

आधी अडले ते रफीकभाईच. "साहेब, एकाच निकाहात मोहल्ल्यातले सारे नवरदेव उरकता का?"

*

दिवाळीच्या तोंडावर विटा वाहणाऱ्या बाया आल्याच नाहीत. साहेबांना घेऊन शेतात गेलो. त्यांची मुकादम कुसुमबाई ओटी बांधून कापूस वेचत होती.

"बाई, चार्टप्रमाणे आज तुम्ही साइटवर हव्या होत्या."

"मंग चार्टाले सांगा ना, बोंडं फुटली म्हनून. थो ऐकत नाई का तुमचं?"

बदली वर्षभर लांबली. मुलगी झाली, ती साहेबांनी फोटोत पाहिली.

*

पुढल्या साली बोंडअळीनं शिवारच्या शिवार खाल्लं. वेचायला काही उरलंच नाही, म्हणून एकही बाई साइटवरून हलली नाही. कॉलनी नव्या चार्टाच्याही आधी उभी. साहेबांनी बॅग भरली.

तोच हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. "लिमये, काय प्रॉडक्टिव्हिटी आहे तुझी! तू थांबत असशील तर शेजारच्या प्लॉटवरही कॉलनी काढतो. नाहीतर राहू दे."

लिमयेसाहेब ओल्या प्लास्टरसारखे झाले. "सर, माझं त्यात काही नाही. कापूस बुडाला, म्हणून बाया थांबल्या. विचारा कुसुमबाईंना."

कुसुमबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदर सावरला. "कापसाचं काई नाई, सायेब. सारं या लिमयेसायेबाच्याच डोक्शानं झालं. हे इथं असले तं आमी दुसरी कॉलनीबी उभी करून देतो."

मोठे साहेब खूश होऊन गेले. लिमयेसाहेब तिच्याकडे वळले. "बाई, असं का केलंत?"

घमेलं उचलता उचलता ती म्हणाली, "आमचा कापूस गेला, सायेब. तुमचं पुनं कुठी चाललं?"